कारभाऱ्याचा हिशेब

आळंदहून उमरग्याकडे निघाले की कर्नाटकाची हद्द संपण्याच्या सुमारास खजुरी हे गाव लागते. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील हा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. बाजारातली बोली मात्र अशा रेषा पाहून बदलत नाही, आणि सीमेवरच्या गावांतून कानडी व मराठी या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसतात. या गावाच्या ईशान्येस बसवकल्याण आहे, त्याहून पुढे बिदर. आणि पश्चिमेस, आजच्या सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढे. या तीन नावांचा उच्चार एकत्र करण्याचे कारण असे की, दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्या माणसाने कसे वागावे या प्रश्नावरच्या दोन जुन्या कथा याच मुलखात जन्मल्या.

पहिली बसवेश्वरांची. बाराव्या शतकात कल्याणच्या बिज्जळ राजाच्या पदरी ते भांडारी, म्हणजे खजिन्याचे अधिकारी होते. राजाचे द्रव्य ते जंगमांवर उधळतात अशी चहाडी झाली, राजाने खजिना मोजविला, आणि एक नाणेही कमी भरले नाही, असे बसवपुराणाची परंपरा सांगते. दुसरी कथा दामाजीपंतांची, आणि ती महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. बिदरच्या बहामनी राज्यात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने पंधराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांना मोकळी केली. त्याला पकडून बिदरला नेत असतानाच पांडुरंग विठू महाराच्या वेषात दरबारी हजर झाला, सारी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. महीपतीच्या १७६२ साली पूर्ण झालेल्या भक्तविजयामुळे ही कथा कीर्तनातून सर्वत्र पोहोचली.

या दोन्ही कथांत एक बारकावा आहे, आणि तो कीर्तनाच्या रंगात बहुधा निसटतो. राजाच्या धान्याचा हिशेब देण्याची गरजच नव्हती, भुकेल्याला दिले म्हणजे झाले, असे या कथा म्हणत नाहीत. बसवण्णांचा खजिना मोजला जातो आणि तो पुरा भरतो. दामाजीच्या बाबतीत तर साक्षात परब्रह्माला रोख पैसे भरून पावती आणावी लागते. दयेचे कौतुक आहेच. पण वही बंद होते ती जमा-खर्चाचा मेळ बसल्यावर.

कारभारी हा शब्द आपल्याकडे मोठा मजेदार आहे. पेशवाईत त्याला दरारा होता, संस्थानांत त्याला वास होता लाचेचा, आणि देशावरच्या शेतकऱ्याच्या घरात बायको नवऱ्यालाच 'कारभारी' म्हणून हाक मारते. घराचा धनी खरा कोण, याविषयी त्या हाकेत काही शहाणपण दडले असावे असे मला नेहमी वाटते. हाच शब्द मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी ख्रिस्ती शिकवणुकीतील एका मध्यवर्ती कल्पनेसाठी उचलला. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस'. घराची व्यवस्था पाहणारा, अनेकदा स्वतः गुलामच, परंतु किल्ल्या त्याच्या कमरेला. अर्थशास्त्राला इंग्रजीत जे 'इकॉनॉमी'चे नाव आहे, त्याचे मूळ या घरकामातच आहे.

येशूच्या दृष्टांतांत हा कारभारी पुनःपुन्हा येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसिद्ध दृष्टांतात परदेशी जाणारा धनी तीन चाकरांना पाच, दोन आणि एक 'तालांत' सोपवून जातो. तालांत हे चांदीचे मोठे वजन. एका तालांताची किंमत साध्या मजुराच्या सुमारे वीस वर्षांच्या मजुरीइतकी होत असे. तेव्हा एक तालांत मिळालेला तिसरा चाकर काही भिकेला लागलेला नव्हता. पहिल्या दोघांनी व्यापार करून रक्कम दुप्पट केली. तिसऱ्याने ती जमिनीत पुरली आणि धनी परत आल्यावर जशीच्या तशी काढून दिली. आपल्या व्यवहारी बुद्धीला यात काही वावगे दिसत नाही. ठेव होती, ती परत केली. परंतु दृष्टांतात ठपका त्याच्यावरच येतो. चोरी त्याने केली नाही. भीतीने त्याने काहीच केले नाही, हा त्याचा अपराध. उद्योग आणि इमान यांची गाठ ख्रिस्ती विचाराने या ठिकाणी बांधली आहे. नुसते प्रामाणिक असून भागत नाही; ज्याचे धन हाती आहे त्याच्या कामी ते राबवले पाहिजे, आणि तो येईल तेव्हा हिशेब मांडून दाखवला पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानातला कारभारी याहून अडचणीचा आहे. धन्याचा पैसा उडवल्याचा आरोप त्याच्यावर येतो. नोकरी जाणार हे दिसताच तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो, शंभर मापे तेलाच्या खतावर पन्नास लिहायला सांगतो, शंभर मापे गव्हाच्या खतावर ऐंशी. आणि धनी त्याची चतुराई वाखाणतो! या दृष्टांताने शेकडो वर्षे ख्रिस्ती भाष्यकारांना घाम फोडला आहे. दामाजीची कथा ऐकून वाढलेल्या माणसाला मात्र तो फारसा परका वाटू नये. धन्याच्या मालातून गरजूचे ओझे हलके करणारा कारभारी आपल्या परिचयाचा आहे. फरक एवढाच की आपल्या कथेत मागाहून पावती येते.

हे सर्व या मासिकाच्या वाचकांपुढे मांडताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या कुळांची आठवण सोळाव्या शतकातल्या साष्टी-तिसवाडीपासून सुरू होते. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ज्यांनी रातोरात पलीकडच्या अंत्रुज महालात नेली, त्या महाजनांना ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती दृष्टांतांतून नव्हे. त्या महाजनांकडे आणखी एका अर्थाने पाहता येते. देव हाच मालक आणि आपण त्याचे राखणदार, ही भावना नसती तर घरदार मागे टाकून मूर्ती उचलण्याचे कारण नव्हते. आजही देवस्थानची जमीन देवाच्या नावाची असते, महाजनांची सभा भरते, जमा-खर्च वाचला जातो आणि एखादा वृद्ध सभासद तेलाच्या खर्चावर बोट ठेवतो. तेव्हा कारभारीपण काय असते हे आपल्याला मिशनऱ्याने शिकवायला नको. आणि तरीही, त्याच साष्टीत राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण छापले ते ओवीबद्ध मराठीत, आणि कोकणीचे व्याकरण व ख्रिस्ती प्रश्नोत्तरी हीही त्याच्याच हातची. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या परदेशी माणसाने भाषांच्या बाबतीत आपल्या तालांताला गंज चढू दिला नाही, एवढे श्रेय त्याला देण्यास हरकत नसावी.

परंतु कारभारीपणाच्या ख्रिस्ती शिकवणुकीची खरी कसोटी मराठी मुलखात पाहायची असेल तर राचोलला जाऊन भागणार नाही. त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे वळले पाहिजे. त्यांची संस्था पुण्याजवळच्या केडगावला. पण या कथेचा एक धागा थेट कलबुर्गीपर्यंत येतो, आणि त्याची सुरुवातही कर्नाटकातच होते.

कारकळजवळच्या माळ येथील चित्पावन घराण्यातले अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्याबद्दल उडुपीस पंडितांपुढे शास्त्राधार मांडले, आणि अखेर घाटावरच्या गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना अन्न घालता घालता पैसा सरला, कर्ज झाले, आणि मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंब तीर्थाटनाला निघाले ते कायमचे. पुराण सांगावे, जे मिळेल ते दानधर्म करून टाकावे, पुढच्या क्षेत्री जावे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या विद्वान कुटुंबाकडे ना पैसा होता ना हाताचे कसब. तिरुपतीजवळच्या रानात पाणी, पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी दिवस काढले. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले, आणि तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुढचा क्रम बहुतेकांना माहीत आहे. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष; १८८३ मध्ये इंग्लंड आणि तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर रोजी बाप्तिस्मा. या धर्मांतराने पुण्याच्या समाजाला बसलेला धक्का आज कल्पनेनेच समजून घ्यावा लागतो. मात्र ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना धर्मात घेतले, त्यांच्याशीही रमाबाईंचा पत्रव्यवहार पाहण्यासारखा आहे. आपल्या विवेकाच्या किल्ल्या त्यांनी एका हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिल्या नाहीत.

कारभारीपणाचा प्रश्न उभा राहिला तो येथून पुढे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी तेथे व्याख्याने देत फिरल्या. १८८७ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले आणि डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे एकेश्वरवादी पंथाचे. इतर सभासद नाना पंथांचे. दहा वर्षे मदत देण्याचे त्यांनी मान्य केले, आणि अट अशी की शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होऊ नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास हलले. गोदूबाई जोशी ही त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. स्वयंपाक ब्राह्मणी, जातीचे नियम पाळण्याची मुभा, ज्यांना देवपूजा करायची त्यांना आडकाठी नाही.

आता पाहा, या एका बाईच्या हाती किती जणांची ठेव होती. बोस्टनच्या देणगीदारांचा पैसा होता. पुण्याच्या सुधारकांची अब्रू होती, आणि ती त्यांनी सनातन्यांचे शिव्याशाप सोसून गहाण ठेवली होती. पालकांच्या मुली होत्या, आणि या ठेवीची किंमत कोणत्याही वहीत मांडता येत नाही. याशिवाय रमाबाईंच्या लेखी ज्याला अखेरचा हिशेब द्यायचा तो एक धनी होता. पहिल्या तिघांच्या अटी एकमेकींशी जुळत्या होत्या. चौथ्याची नव्हती.

रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणावर सक्ती नव्हती, हे त्यांच्या विरोधकांनाही फारसे नाकारता आले नाही. पण आईची माया देणारी बाई उघड्या दारात डोळे मिटून बसली असता पोरक्या बालविधवेच्या मनावर काय परिणाम होतो, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. केसरीने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका, असा आग्रह झाला. घरातल्या इतरांना आपला धर्म पाळण्याची मुभा आहे तशीच मलाही आहे, या भूमिकेवर रमाबाई ठाम राहिल्या. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळीने मात्र रमाबाईंचीच बाजू उचलून धरली.

या प्रकरणी निवाडा करण्याचा मोह दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखाच झाला आहे. एका बाजूला रमाबाई ही विश्वासघातकी, दुसऱ्या बाजूला छळ सोसणारी साध्वी. मला दोन्ही चित्रे अपुरी वाटतात. अटीचा शब्द त्यांनी मोडला असे दाखवता येत नाही. शाळेत बायबल शिकवले जात नव्हते, पैशाचा एक छदामही दुसरीकडे गेला नव्हता. पण अटीचा शब्द आणि अटीमागची अपेक्षा यांत अंतर असते. रानड्यांसारख्या माणसाने आपली पत जामीन ठेवली ती शब्दांसाठी नव्हे, त्या अपेक्षेसाठी. आपल्या मुलींची श्रद्धा जशी आत गेली तशीच बाहेर यावी, ही पालकांची अपेक्षा न बोलता दिलेली ठेव होती. आणि ही ठेव दार उघडे ठेवून राखली जात नव्हती, हे म्हणणे भागच आहे. दुसरीकडे, ज्या समाजाने या मुलींचे मुंडण करून त्यांना माजघराच्या अंधारात टाकले, त्याने त्यांच्या श्रद्धेविषयी दाखवलेली चिंता उशिरा जागी झालेली होती, हेही लपवता येत नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत बसण्यापेक्षा आपले दार उघडणे बरे, हा धडा निदान एका हिंदू गृहस्थाने घेतला.

रमाबाईंनीही एक धडा घेतला असावा. यानंतर त्यांनी जे उभे केले त्यात आडपडदा ठेवला नाही. बोस्टनची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. उद्या मदत थांबली तर मुलींना काय खाऊ घालायचे, या विचाराने त्यांनी पुणे-दौंड मार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर माळरान घेतले, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. संस्थेने स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहावे, हा तिसऱ्या चाकराचा नव्हे, पहिल्या दोघांचा मार्ग. तोच १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला.

येथे रमाबाईंच्या आयुष्याचे दोन भाग एकमेकांना भिडतात. तिरुपतीच्या रानात पाने खाल्लेली मुलगी चाळिशीला आलेली होती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, भुकेने खंगलेल्या मुली पाहिल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, नव्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी नव्हती. म्हणून केडगावच्या शेतात तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्या वसाहतीचे नाव पडले 'मुक्ती'. ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. दारावर पाटी स्पष्ट होती, आणि येथे कोणी पालक फसले असे म्हणण्यास जागा उरली नाही. अर्थात दुष्काळातल्या पोरक्या मुलीला पाटी वाचून निवड करता येते का, हा प्रश्न उरतोच. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, दहा वर्षांचा हिशेब मांडला, आणि जुने मंडळ जाऊन नवे स्थापन झाले.

याच काळातली एक घटना सहसा सांगितली जात नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत आपल्या संस्थेतील एका मुलीची काय दशा झाली याविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि सरकारी कारभारावर कडक टीका केली. सरकार ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती. गव्हर्नरांनी आरोप फेटाळले तरी बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत. ज्या केसरीकारांनी त्यांच्यावर तोफा डागल्या होत्या, तेही त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात उभे होते. हाती सोपवलेल्या मुलीचा जाब सरकारलाही विचारायचा, ही कारभारीपणाची बाजू केडगावच्या विहिरींइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९०० च्या सुमारास गुजरात-राजपुतान्याच्या दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे काय, हे ज्यांनी एखाद्या मठात चातुर्मासाची समाराधना सांभाळली आहे त्यांना सांगायला नको. आणि हे तर बारा महिने. धान्य, सरपण, पाणी, औषध, कपडा. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, शेती, स्वयंपाक, धुणे, छापखाना, यांतले प्रत्येक काम मुलीच करीत. जातीने हात मळवायचे नाहीत या अभिमानापायी आपले घर दुष्काळात बुडाले, ही गोष्ट रमाबाई विसरल्या नव्हत्या. आपल्या आठवणींत त्यांनी ती लिहून ठेवली आहे. मुक्तीत म्हणून पुस्तकाबरोबर प्रत्येकीच्या हाती एक कसब दिले जाई. देणगीच्या बाबतीत ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचून त्यांनी असे ठरवले होते की देवाकडे मागावे, येईल ते खर्चावे, अहवाल छापावा. देवावर हवाला ठेवणारी माणसे हिशेब ठेवण्यात सहसा ढिली असतात असा आपला अनुभव. येथे तो खोटा ठरतो.

मुंबई-मद्रास लोहमार्ग केडगावहून पुढे दौंड, सोलापूर असा कलबुर्गीला येतो. दत्तभक्त वाचकांना गाणगापूर रोड स्टेशनामुळे हा रस्ता पाठ असतो. याच मार्गाने मुक्तीचे काम १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला पोहोचले. तेथे ख्रिस्ती शाळा काढली आणि मनोरमा तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. शिक्षणाच्या दृष्टीने तेव्हाचा हा जिल्हा अगदी मागासलेला होता. दरबाराची भाषा उर्दू, घरची भाषा कानडी, मराठी किंवा तेलुगू, आणि मुलींची शाळा ही बहुतेक गावांना ऐकूनही माहीत नसलेली वस्तू. ज्या गंगामूळच्या अरण्यातून डोंगऱ्यांचे कुटुंब बाहेर पडले ते कर्नाटकातच. त्यांच्या नातीने शाळा चालवली तीही कानडी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला. शरणबसवेश्वरांच्या दासोहासाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीला अन्नदान नवे नव्हते. कष्टाने मिळवावे आणि मिळवलेले आपले म्हणून ठेवू नये, ही कायक आणि दासोह यांची शिकवण तेथल्या लोकांनी मनोरमेच्या आधी सातशे वर्षे ऐकली होती. मुलींना अक्षरदान मात्र नवेच होते.

मनोरमा हीच मुक्तीची पुढची कारभारीण व्हायची होती. आईची सर्व घडी तिच्याभोवतीच बसवलेली. परंतु २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी ती वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, ऐकू कमी येणाऱ्या, थकलेल्या. ज्या ठेवीचा वारस गेला ती ठेव आता कोणासाठी राखायची, असे एखादीने म्हटले असते. त्या मात्र आपल्या टेबलाशी परत बसल्या, कारण तेथे एक काम अपुरे होते.

ते काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतराची मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, आणि तिच्यातील संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, या दोन कारणांनी असमाधानी होऊन त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून भाषांतर सुरू केले. संस्कृतात पदवी मिळवलेल्या पंडितेने संस्कृत शब्द टाळून साधी मराठी लिहायला बसावे, यातला विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल. या भाषांतराला पुढे ख्रिस्ती मंडळ्यांत फारसा प्रसार मिळाला नाही. भाषा काही ठिकाणी इतकी शब्दशः झाली आहे की मराठी वाक्य अडखळते. पण मजकूर बाईचा, खिळे जुळवणाऱ्या बाया, मुद्रिते तपासणाऱ्या बाया, यंत्र चालवणाऱ्या बाया, बांधणी करणाऱ्या बाया. आणि त्यांतल्या कित्येकींना वीस वर्षांपूर्वी दुष्काळाच्या रस्त्यावरून उचलून आणलेले. हिब्रू आणि ग्रीक खिळेही याच मुलींच्या हातांनी जुळवले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याला दुसरी जोड मला माहीत नाही.

मृत्यूपूर्वी थोड्याच दिवसांपर्यंत रमाबाई मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. उरलेले फर्मे मुक्तीच्या छापखान्यातील बायांनी छापून काढले, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडला.